माशाचा पत्ता ओळखा!

मुलांनो, तुम्हाला कोणी पत्ता विचारला, तर तुम्ही घर, वाडी, गाव, तालुका असं पटापट सांगाल. आणि माशाला विचारलं तर? तोसुद्धा सांगतो बरं का! फक्त तोंडाने नाही. त्याच्या अंगावरच त्याचा पत्ता लिहिलेला असतो. तो वाचता मात्र यायला हवा.

मलाही तो पूर्वी वाचता येत नव्हता. रत्नागिरीला झाडगावात कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. तिथे मत्स्यालय आहे आणि देवमाशाचा भलामोठा सांगाडा असलेलं संग्रहालयही. पहिल्यांदा चौथीची सहल तिथे नेली, तेव्हा मी मुलांना एकच काम दिलं, "टाक्यांवरची नावं वहीत उतरवून घ्या." मुलांनी माना खाली घालून नावं उतरवली. शाळेत परत आल्यावर मी विचारलं, "सिंहमासा कसा होता रे?" एकाने वही उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाई, सतरावा!"

सगळे हसले. पण चूक त्याची नव्हती, माझीच होती. मासा त्याच्या पुढ्यात होता आणि मी त्याला वहीत बघायला लावलं होतं.

पुढच्या वर्षी वह्या शाळेतच ठेवल्या. मुलांना फक्त तीन प्रश्न दिले. तोंड कुठे आहे? पाठ आणि पोट एकाच रंगाचं आहे का? शेपटीचा उपयोग कशाला होत असेल? आणि यावरून ओळखा, हा राहतो कुठे?

मग काय विचारता! समुद्रघोड्याच्या टाकीपुढून कोणी हलेना. "बाई, याची शेपटी माशाची नाहीच, माकडाची आहे!" एक मुलगी ओरडली. अगदी बरोबर! समुद्रघोडा पोहण्यात कच्चा. पाण्याचा ओढ आला की वाहून जायचा. म्हणून तो शेपटीने समुद्री गवताला विळखा घालून राहतो. म्हणजे याचा पत्ता कोणता? जिथे धरायला काहीतरी आहे, असं उथळ, शांत पाणी.

केंड मासा सगळ्यांच्या ओळखीचा. तो फुगतो हे पोरांना माहीत होतं, पण कसा? संकट आलं की तो भराभर पाणी गिळतो आणि चेंडूसारखा टम्म होतो. हळू पोहणाऱ्याला पळता येत नाही, मग त्याने काहीतरी दुसरी युक्ती नको का करायला?

डबे खाताना खरी जुंपली. कोणीतरी म्हणालं, "पापलेट चपटं आणि लेपही चपटा, म्हणजे दोघांचा पत्ता एकच!" दुसरा म्हणाला, "छे! पापलेट उभं पोहतं, लेप आडवा पडतो." आपलं पापलेट, २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झालेलं, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं असतं. त्याचा एक डोळा इकडे, एक तिकडे. लेप मासा मात्र वाळूवर कुशीवर पडून राहतो. जन्मतो तेव्हा त्याचेही डोळे दोन बाजूंना असतात. मोठा होताना एक डोळा सरकत सरकत दुसऱ्या बाजूला येतो! नाहीतर तो कायम वाळूतच रुतला असता.

आणि बांगडा? त्याची पाठ गडद, पोट चंदेरी. वरून पाहिलं तर तो खालच्या गडद पाण्यात मिसळून जातो. खालून पाहिलं तर वरच्या उजेडात. उघड्या समुद्रात लपायला दगड नाही की गवत नाही, तेव्हा रंगच कामाला येतो.

एवढ्यात खाडीकाठच्या वाडीतला एक मुलगा, जो वर्गात कधी तोंड उघडत नाही, हळूच म्हणाला, "बाई, इथे निवटी नाही. आमच्याकडे आहे. ती चिखलात चालते." मी म्हटलं, "मासा आणि चालतो? मग तूच दाखव आम्हाला."

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर ओहोटी होती. आम्ही खाडीवर गेलो. तिवरांच्या मुळ्या चिखलातून पेन्सिलींसारख्या वर आलेल्या. त्यांतूनच ते झाड श्वास घेतं. आणि त्या मुळ्यांमध्ये निवट्या! डोळे बेडकासारखे डोक्यावर. पुढच्या परांवर टेकत टेकत चालायचं, मध्येच टुणकन उडी. कल्ल्यांपाशी पाणी साठवून ठेवायचं आणि ओल्या कातडीतूनही श्वास घ्यायचा. त्या दिवशी आमचा मास्तर तो मुलगा होता. मी विद्यार्थिनी.

थोडं पुढे गेलो तर चिखलावर मातीचा आणि पडक्या भिंतींच्या विटांचा मोठा भराव टाकलेला. तिथे एकही निवटी नव्हती. एक मुलगी म्हणाली, "बाई, हिचा पत्ताच पुसला कुणीतरी."

बघा हं, जी अंगं त्या चिखलासाठी घडली, ती दुसरीकडे कशी जगतील? निवटीला खोल समुद्रात पाठवता येत नाही आणि बांगड्याला चिखलात. ज्याचा पत्ता पक्का, त्याचा पत्ता पुसला की तोच पुसला जातो.

मुलांनी ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं. शुद्धलेखनाच्या चुका मी मुद्दाम सुधारल्या नाहीत. भराव अजून तिथेच आहे, पण पुढे सरकलेला नाही. मुलं दर ओहोटीला जाऊन बघून येतात.

तुमच्या गावाजवळ मत्स्यालय नसलं तरी बिघडत नाही. बाजारात मासळीच्या पाटीपुढे दोन मिनिटं उभे राहा. शिंगाळ्याच्या मिशा बघा, तोंड बघा, आणि सांगा तो पाण्यात वर राहत असेल की तळाशी? नदीवर, तळ्यावर, खाडीवर जायचं तर मोठ्या माणसाला बरोबर घ्या. काही उचलून आणू नका, नुसतं बघा. आणि तीन प्रश्न विसरू नका.

वही? ती घरी आल्यावर उघडायची!