झोप लागते का, असे विचारले तर

यवतमाळच्या खेड्यांत मनाची तक्रार बरेचदा अंगाची तक्रार होऊन दवाखान्यात येते. डोके जड झाले, छातीत धडधडते, जेवण जात नाही. 'उदास वाटते का?' असे डॉक्टरने विचारले, की तोच माणूस 'नाही जी' म्हणून मोकळा होतो. आपण उदास नाही, असे त्याला खरेच वाटत असते.

आपल्या भावना ओळखण्याची कुवत सगळ्यांना सारखी नसते. रागात अपमान किती आणि भीती किती, हे काही जण नेमके सांगतात. काहींना 'कसंतरी होतंय' याच्या पलीकडे जाता येत नाही. या दुसऱ्या टोकाला बोस्टनचे मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफ्निओस यांनी १९७०च्या दशकात 'अ‍ॅलेक्सिथायमिया' हे नाव दिले. हा आजार मानला जात नाही. ढोबळ अंदाजाने शंभरात दहा जणांत हा स्वभावविशेष ठळक दिसतो, पुरुषांत किंचित अधिक.

म्हणून प्रत्येक अबोल शेतकऱ्यावर हा शिक्का मारू नये. कर्जाचा विषय चारचौघांत न काढणारा माणूस स्वतःला पुरता ओळखून असू शकतो. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी मार्च १९८६मध्ये कुटुंबासह जीवन संपवले, तेव्हा मागे चिठ्ठी ठेवली होती. गावाचे सरपंचपद सांभाळलेला, गाण्याची आवड असलेला हा शेतकरी आपल्या हतबलतेबद्दल संभ्रमात नव्हता. मन कळल्याने कर्ज फिटत नाही, हे समुपदेशनाचा उत्साह दाखवताना सरकारनेही विसरू नये.

तरी विचारण्याची पद्धत बदलली, की उत्तर बदलते. नैराश्य तपासण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत झोप, भूक, थकवा यांवरही प्रश्न आहेत. भावनेला नाव देता न येणाऱ्यालाही झोप उडाली, हे सांगता येते. विचारणारी व्यक्ती गावातलीच असेल, तर आणखी सोपे. राज्याच्या 'प्रेरणा' या शेतकरी समुपदेशन प्रकल्पात आशाताई घरोघरी जातात, त्यामागचा हिशेब हाच.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' प्रकल्पाने ३० गावांत असेच काम केले. त्याचे निष्कर्ष २०१७मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले होते. घराबाहेर पडणे जड जाणाऱ्यांसाठी आता 'टेलिमानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तिथेही सुरुवात झोपेच्या तक्रारीने केली तरी चालते.