आठवी घटनादुरुस्ती आणि गॉलवेतील एक गर्भपात

आयर्लंडच्या राज्यघटनेत 1983 च्या आठव्या दुरुस्तीने अजात जीवाचा जगण्याचा हक्क मातेच्या हक्काच्या बरोबरीने नमूद केला. मूळच्या बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार 21 ऑक्टोबर 2012 रोजी गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाल्या तेव्हा त्यांना 17 वा आठवडा होता. गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांस ठाऊक होते, त्याच रात्री गर्भजलही वाहून गेले, आणि तरीही, गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत व मातेच्या प्राणास धोका दिसत नाही तोवर कायदा हात लावू देत नाही, या सबबीवर गर्भ काढून टाकण्याची त्यांची विनंती नामंजूर झाली. ठोके 24 तारखेस थांबले. 28 तारखेस रक्तातील जंतुदोषाने, वयाच्या अवघ्या 31 व्या वर्षी, त्या निवर्तल्या. चौकशीअंती शुश्रूषेतील हयगयही उघड झाली, आणि कलमाचे कैवारी तिच्यावरच बोट ठेवीत. परंतु ती हयगय आणि ठोके थांबण्याची वाट पाहावयास लावणारा दंडक यांची फारकत करणे हे, आमच्या मते, निव्वळ वकिली कसब होय. 25 मे 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्के मतदारांनी ही दुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला. 1 जानेवारी 2019 पासून 12 आठवड्यांपर्यंतचा गर्भपात तेथे कायदेशीर आहे.