महाविद्यालयीन शिक्षणासाठी आर्थिक साहाय्य : योजना आहेत, वेळ गाठायला हवी

बारावीचा निकाल जाहीर होतो, घरोघरी पेढे वाटले जातात आणि पुढील काही आठवड्यांतच अनेक कुटुंबांच्या आनंदावर चिंतेचे सावट पसरते. मुलाला गुण चांगले आहेत, प्रवेशही मिळतो आहे. परंतु शुल्क कोठून भरायचे? शेतमजूर, मच्छीमार, रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या माता यांच्या मुलांपुढे हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. त्यांपैकी काही मुले 'यंदा काम करतो, पुढच्या वर्षी बघू' असे म्हणतात. ते पुढचे वर्ष पुष्कळदा उजाडतच नाही.

या विषयाबाबत आपल्या समाजात दोन समजुती आढळतात. 'आपल्यासाठी सरकारचे काही नाही' ही एक आणि 'सगळे सरकारच भरते' ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत. साहाय्य उपलब्ध आहे. मात्र ते सहसा पूर्ण खर्चाचे नसते आणि गरजेच्या दिवशी हाती पडत नाही. ही वस्तुस्थिती ध्यानात घेऊन आधीपासून तयारी करणाऱ्या कुटुंबालाच त्याचा खरा लाभ होतो. म्हणून महाराष्ट्रातील प्रमुख योजनांची माहिती आम्ही येथे देत आहोत.

शुल्कातील सवलत

राज्य शासनाची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना ही या संदर्भात सर्वांत उपयुक्त होय. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात व परीक्षा शुल्कात ५० टक्के सवलत या योजनेखाली मिळते. जुलै २०२४ मध्ये शासनाने एक महत्त्वाचा निर्णय घेतला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी २०२४-२५ पासून या दोन्ही शुल्कांत १०० टक्के लाभ लागू झाला. मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्यांनाच हा लाभ आहे. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश व खासगी अभिमत विद्यापीठे यांना तो लागू नाही. प्रवेश घेण्यापूर्वीच हे विचारून घ्यावे.

याशिवाय अल्पसंख्याक विकास विभागाची उच्च व व्यावसायिक शिक्षणासाठी स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे व ख्रिस्ती विद्यार्थी तिच्यासाठी अर्ज करू शकतात. घरापासून दूर राहून शिकणाऱ्या, अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. राज्याच्या या योजनांचे अर्ज 'महाडीबीटी' या संकेतस्थळावर भरावे लागतात.

केंद्र शासनाची शिष्यवृत्ती गुणवत्तेवर आधारित आहे. बारावीत आपल्या मंडळाच्या वरच्या २० टक्के विद्यार्थ्यांत असलेल्या व वार्षिक कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्याला पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये व पदव्युत्तर शिक्षणात २०,००० रुपये मिळतात. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करावा लागतो व दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. एका विद्यार्थ्याला सामान्यतः एकाच शिष्यवृत्तीचा लाभ घेता येतो. तेव्हा कोणती अधिक हिताची, याचा हिशेब आधी मांडावा.

प्रवर्गाचा प्रश्न

आमच्या वाचकांपैकी काहींना येथे विशेष अडचण येते. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. त्यामुळे वारली, कातकरी आदी जमातींतील ख्रिस्ती विद्यार्थ्यांना जमातीच्या प्रमाणपत्रावर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळू शकते. अनुसूचित जातींबाबत मात्र तसे नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हा दर्जा आरंभी केवळ हिंदूंना दिला. १९५६ साली शिखांचा व १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. दलित ख्रिस्ती त्याबाहेरच राहिले. अशा कुटुंबांनी इतर मागास वर्गाच्या यादीत आपली नोंद बसते का, याची चौकशी शासकीय कार्यालयात करावी. जे कोणत्याही आरक्षित प्रवर्गात मोडत नाहीत, त्यांना पात्रतेच्या अटी पूर्ण होत असल्यास आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र मिळू शकते. त्याला धर्माची आडकाठी नाही.

कर्जाचा मार्ग

शिष्यवृत्ती अपुरी पडल्यास शैक्षणिक कर्जाचा विचार करावा लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेस मंजुरी दिली. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळवणाऱ्यांना तीखाली तारण व जामीनदार यांवाचून कर्ज मिळते. मंजुरीच्या वेळी अशा ८६० संस्था होत्या. इतर सवलत न मिळणाऱ्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज-सवलत आहे. मात्र दरवर्षी एक लाख विद्यार्थ्यांनाच ती मिळते. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्ण व्याज-सवलतीची निराळी योजना आहे. तथापि ही सवलत शिक्षणाचा काळ व त्यानंतरचे एक वर्ष एवढ्यापुरतीच असते. पुढे मुद्दल व व्याज दोन्ही फेडावे लागते, हे विद्यार्थ्याने व पालकांनी सही करण्यापूर्वी एकत्र बसून समजून घ्यावे.

कागदपत्रे वेळेत

आमच्या मते निम्मी लढाई येथेच जिंकली वा हरली जाते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, शिधापत्रिका आणि लागू असल्यास जातीचा दाखला, जात वैधता व नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र ही सर्व कागदपत्रे लागतात. निकालानंतर सेतू केंद्रांवर एकच गर्दी उसळते. म्हणून मूल बारावीत असतानाच ही कामे हाती घ्यावीत. जात वैधतेस विशेष वेळ लागतो. त्याचा अर्ज अकरावीतच करणे श्रेयस्कर. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत पाहावी. आधार कार्ड, गुणपत्रिका व बँक खाते यांवरील नाव अक्षरशः एकच असावे. 'डिसोजा' व 'डिसूझा' एवढा फरकही अर्ज अडकण्यास पुरतो. थेट लाभाची रक्कम आधारशी संलग्न केलेल्या खात्यातच जमा होते. ते खाते चालू आहे ना, याची बँकेत खात्री करून घ्यावी.

पहिल्या हप्त्याची अडचण

एवढे सगळे केल्यावरही एक दरी उरतेच. समजा, एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे शिक्षण शुल्क ८०,००० रुपये व इतर शुल्क १५,००० रुपये आहे. ५० टक्के सवलतीस पात्र असलेल्या मुलाच्या कुटुंबाला ४०,००० अधिक १५,०००, म्हणजे ५५,००० रुपये स्वतः उभे करावे लागतात. पूर्ण सवलत मिळणाऱ्या मुलीच्या बाबतीतही इतर शुल्काचे १५,००० उरतातच. पुस्तके, रेल्वेचा पास, खानावळ हे खर्च निराळे. शिवाय प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये घ्यावा लागतो आणि शिष्यवृत्तीची रक्कम पुष्कळदा कित्येक महिन्यांनी येते. मधल्या काळात सावकाराकडे जाणे, दागिने गहाण टाकणे किंवा प्रवेश सोडून देणे, एवढेच पर्याय गरीब पालकांपुढे असतात. गुणवत्ता असूनही मुले मागे पडतात ती बहुधा याच टप्प्यावर.

ही दरी शासनाच्या योजना भरून काढत नाहीत. ती शेजारी व धर्मग्राम भरून काढू शकतात. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. शिष्यवृत्ती येईपर्यंत बिनव्याजी उसनी रक्कम द्यायची, ती आल्यावर परत घ्यायची आणि पुढील विद्यार्थ्याला द्यायची, असा फिरता निधी वीस-पंचवीस कुटुंबांच्या वर्गणीतूनही उभा राहू शकतो. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम यांनी आपल्या सोबत्यांसह ज्या कार्याचा आरंभ केला, त्यातून संत विन्सेंट डी पॉल सोसायटी उदयास आली. त्या वेळी ओझानाम स्वतः वीस वर्षांचे विद्यार्थी होते. आपल्या धर्मग्रामातील या सोसायटीला, महिला मंडळाला वा युवकांना हे काम सहज पेलण्यासारखे आहे.

पैशाइतकीच मदत माहितीचीही असते. संगणकावर अर्ज भरून देणारा एखादा शिकलेला युवक, बँकेत सोबत जाणारा एखादा निवृत्त कर्मचारी, मुदतीच्या तारखा सूचनाफलकावर लावणारी एखादी शिक्षिका यांचे मोल कोणत्याही देणगीहून कमी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली शिक्षण हा प्रत्येक मानवाचा अढळ हक्क असल्याचे घोषित केले. तो हक्क आपल्या गल्लीतील मुलीपर्यंत वेळेवर पोहोचतो की नाही, हे पाहणे आपल्या हाती आहे. आपल्या ओळखीत यंदा बारावीला असलेले एखादे मूल असेल, तर त्याच्या घरी उत्पन्नाचा दाखला तयार आहे का, एवढे या आठवड्यात अवश्य विचारावे, अशी आमची वाचकांना विनंती आहे.