कुत्रं चावरं झालं? आधी डॉक्टरला दाखवा!

अजिंठ्याचा घाट उतरला की फर्दापूर लागते. रस्त्यावर लेण्यांना जाणाऱ्यांची वर्दळ, तर शिवारात कपाशी, मका आणि वर डोंगराची कड. कडेच्या शेतात रानडुकरांचा उच्छाद, बिबट्याची धास्तीही असतेच. म्हणून गोठ्यावर कुत्रं लागतंच. पण हेच राखणीचं कुत्रं एखाद्या दिवशी घरच्या पोरावर धावून जातं, तेव्हा मालकाला दोनच वाटा सुचतात. एक दांडकं, नाही तर पोत्यात घालून घाटात सोडून येणं. म्हशीने पान्हा चोरला तर आपण गुरांच्या डॉक्टरला बोलावतो. कुत्र्याचा स्वभाव बिघडला की मात्र "माजलंय" म्हणून मोकळे होतो!

एरवी मायाळू असलेलं कुत्रं अचानक चिडकं झालं, तर आधी त्याचं दुखणं शोधावं. कानात पू झालेला असतो, दाढ किडलेली असते, शेपटीखालच्या जखमेत अळ्या पडलेल्या असतात. म्हाताऱ्या कुत्र्याला दिसेनासं होतं. झोपेत कुणी हात लावला की ते दचकून चावतं. व्यालेली कुत्री पिलांजवळ कुणाला येऊ देत नाही, तो तर आजारही नव्हे.

सर्वांत मोठा धोका पिसाळण्याचा, म्हणजे रेबीजचा. त्यात प्रत्येक कुत्रं धावत सुटतंच असं नाही. काही कुत्री कोपऱ्यात गप्प पडून राहतात, आवाज बदलतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते. "घशात हाडूक अडकलं असेल" म्हणून आपण तोंडात हात घालतो आणि तिथेच घात होतो. अशा कुत्र्याला हात लावू नये, लांबूनच कोंडून दवाखान्यात कळवावे. चावा किंवा ओरखडा असेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना भरू नये. लगेच सरकारी दवाखाना गाठून लस घ्यावी आणि सांगितलेल्या तारखा चुकवू नयेत. लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य. चावलेले कुत्रे धडधाकट दिसत असेल तर त्याला मारून टाकू नका. दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवा. मात्र त्यासाठी आपली लस थांबवू नका.

आता दुखणं नाही, तरी कुत्रं चावतंच, असंही असतं. पुष्कळदा दोष साखळीचा निघतो. दिवसभर आखूड साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, म्हणून ते अंगावर येतं. दुसरी चूक म्हणजे गुरगुरल्याबद्दल मारणं. गुरगुरणं ही त्याची "जवळ येऊ नका" अशी सूचना असते. मार खाऊन ते गुरगुरणं सोडतं, चावणं सोडत नाही. मग गडी म्हणतो, "न भुंकताच तोडलं राव!"

डॉक्टरकडे जाताना थोडी टिपणे न्यावीत. कुणाला चावलं, त्याआधी काय घडलं, ते जेवत होतं की झोपलं होतं, आणि हे कधीपासून सुरू झालं. निम्मं निदान त्यातच होतं. पुढचे काम धिमे आहे. वीज मंडळाच्या माणसाला पाहून कुत्रं खवळत असेल, तर ते शांत राहील इतक्या लांब त्या माणसाला उभं करावं आणि कुत्र्याला भाकरीचा तुकडा द्यावा. ते शांत राहिलं तर दुसऱ्या दिवशी दोन पावलं जवळ. याला आठवडे लागतात. शहरातला कुत्रे शिकवणारा गाठायचा झाल्यास तो कसा शिकवतो ते आधी विचारावे. मालकाला सोबत उभे करून शिकवणारा बरा. महिनाभर कुत्रं घेऊन जातो आणि "सुधारून" आणून देतो, असे म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी दहादा विचार करावा.

घाटात सोडून देणे हाही प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली (१९६०) गुन्हा आहे. विष घातल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उलट चावरे कुत्रे बेफिकिरीने मोकळे सोडणारा मालकही त्याच संहितेत अडकतो. ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून वर्षातून एक दिवस गावातील कुत्र्यांच्या लसीकरणाला द्यावा आणि लसीची नोंद वहीत ठेवावी. कुणाचे कुत्रे चावले की पहिला प्रश्न लसीचाच येतो. तेव्हा वही उपयोगी पडते.

पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. आजाराची शंका नसलेले पण चावरे कुत्रे दवाखान्यात नेताना सुती पट्टीने तोंड बांधावे आणि गाठ कानामागे घ्यावी. धापा टाकत असेल तर पट्टी फार वेळ ठेवू नये. उन्हाळ्यात सकाळी लवकरच न्यावे.