झेलमचा काठ ते केडगाव
(संकट आणि श्रद्धा : लेखांक ४)

गेल्या आठवड्यात आपण ईयोबाकडे पाहिलं. आज पौलाचं एक वचन घेऊ, कारण ते फार स्वस्तात वापरलं जातं. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो सांगतो की संकटातून धीर येतो, धीरातून कसाला उतरलेलं शील आणि त्यातून आशा. घरात कुणी गेलं, नोकरी सुटली, की भेटायला आलेलं कुणीतरी हे वचन हमखास ऐकवतं. ऐकणाऱ्याला वाटतं, संकट आलं की माणूस आपोआप मोठा होत असावा. तसं होत नाही. पंडिता रमाबाईंचं आयुष्य पाहावं.

जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि लेकीला संस्कृत शिकवलं आणि त्यापायी समाजाचा रोष ओढवून घेतला. पुराणं सांगत, तीर्थं करत हे कुटुंब देशभर हिंडलं. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला आणि होतं नव्हतं ते संपलं. भीक मागवत नव्हती, मजुरी कधी शिकवलेली नव्हती. आधी वडील गेले, मग आई, मग बहीण. रमा आणि भाऊ श्रीनिवास उरले. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याची थंडी, अंगावर घ्यायला काही नाही. भावंडांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, आत शिरून मानेपर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली. हे रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

या हालांनी श्रद्धा वाढली का? उलट झालं. व्रतं, उपास, दानं सगळं शास्त्राप्रमाणे केलं होतं, तरी देव पावला नाही. जुना विश्वास उडू लागला. १८७८मध्ये कलकत्त्याला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरव झाला, तोही उडालेल्या विश्वासाची जागा भरून काढणारा नव्हता. १८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी जातीबाहेर लग्न केलं, ते १८८२मध्ये पटकीने गेले. पदरात तान्ही मनोरमा. १८८३मध्ये इंग्लंडातल्या वाँटेज इथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

भक्तिपर चरित्रं इथे सुटकेचा श्वास घेतात. रमाबाई घेत नाहीत. त्या म्हणतात, त्यानंतरही आठेक वर्षं आपल्याकडे ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. हा कबुलीजबाब मला त्यांच्या साऱ्या पदव्यांहून मोलाचा वाटतो.

१८८९मध्ये मुंबईत रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू, असा शब्द दिलेला होता. पण रमाबाई प्रार्थनेला बसल्या की खोलीचं दार उघडं असे, आणि मुली येऊन बसत. १८९३मध्ये वाद पेटला. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. टीका सगळीच अन्यायाची होती असं मी म्हणणार नाही.

मग १८९६चा दुष्काळ. मध्य प्रांतातल्या छावण्यांत मुलींचे काय हाल होत असतील, हे रमाबाईंना कुणी सांगायला नको होतं. त्या तिकडे गेल्या आणि मुलींना, विधवांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणींना ठेवणं अशक्य झालं, म्हणून केडगावच्या शेतात मांडव पडले. त्यातून मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० साली तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. तिथे नुसता शिधा मिळत नव्हता. विणकाम, शेती, तेलघाणा, छापखाना, असं काही ना काही हाताचं काम शिकवलं जाई. ज्या घरात हाताने कमवायला कुणालाच शिकवलं नव्हतं म्हणून माणसं अन्नावाचून गेली, त्या घरातल्या मुलीने हे केलं. पौल ज्याला धीर म्हणतो, तो मला इथे दिसतो. शिवाय पौल ते वचन एकट्यादुकट्या दुःखिताला लिहीत नाही, अख्ख्या मंडळीला लिहितो.

१९२१मध्ये मनोरमाही गेली. काम तिच्या हाती सोपवायचं ठरलं होतं. या मरणातून कोणतं शील निपजलं, असं कुणी विचारू नये. त्याला उत्तर नाही. हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबलचं काम चालू होतं, ते चालू राहिलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं.

पुढील आठवड्यात लक्ष्मीबाई टिळक. नवऱ्याने १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.