बर्फावरील राखण

एप्रिल महिना आला की अमेरिकेत शिकणाऱ्या मुला-नातवंडांच्या बोलण्यात ‘फ्रोझन फोर’ हे नाव येऊ लागते. महाविद्यालयीन आइस हॉकीच्या राष्ट्रीय स्पर्धेतील उपांत्य व अंतिम सामन्यांचे हे नाव. खेळ आपल्याला परका. परंतु त्यातील बचावाची बाजू जोखीम तोलण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला चटकन उमगावी अशी आहे.

२०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद बर्फाचे मैदान, रबराची चकती, गोलरक्षक धरून प्रत्येकी सहा खेळाडू आणि २० मिनिटांची तीन सत्रे. दोन निळ्या रेषांनी मैदानाचे तीन भाग पडतात. बचावाची सर्वांत प्रसिद्ध रीत मधल्या भागात मांडली जाते; तिला ‘ट्रॅप’, म्हणजे सापळा, म्हणतात. चकती प्रतिस्पर्ध्याकडे असताना एकच खेळाडू पुढे सरकतो. हिसकावून घेण्याची घाई तो करीत नाही. चकतीवाल्याला कडेच्या फळीकडे वळवितो, एवढेच. मागचे चौघे मधली वाट अडवून उभे असतात. कोंडलेल्याने चकती गमवावी, नाहीतर दूर भिरकावावी. आपल्या अर्ध्या भागातून भिरकावलेली चकती कोणाचाही स्पर्श न होता समोरच्या गोलरेषेपलीकडे गेली, तर ‘आयसिंग’ होऊन खेळ पुन्हा त्याच्याच गोलाजवळ सुरू होतो.

नियमभंगाबद्दल एखादा खेळाडू दोन मिनिटे बाहेर बसला, की उरलेले चौघे गोलासमोर चौकोन धरतात. लांबून येणारे फटके येऊ द्यायचे, गोलासमोरची जागा मात्र सोडायची नाही. कोणी गुडघ्यावर बसून वेगाने येणारी चकती अंगावर घेतो. गोलफलकावर त्याचे नाव लागत नाही.

अशा खेळाने सामने रटाळ होतात, ही टीका जुनी आहे. ती मला अर्धीच पटते. पाचही जण नुसते वाट पाहत राहिले तर पाहणारा कंटाळणारच. पण आयव्ही लीगमधील विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, आणि महाविद्यालयीन संघातील अनुभवी खेळाडू पदवी घेऊन निघून जातात. प्रतिभा विकत घेता येत नाही तेथे शिस्त हेच भांडवल. त्याच लीगमधील कॉर्नेलने १९६७ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळविले, तेव्हा गोलात केन ड्रायडेन होता. महाविद्यालयीन कारकिर्दीत त्याच्या खात्यावर ७६ विजय, ४ पराभव आणि एक बरोबरी. पुढे तो व्यावसायिक हॉकीत गाजला, वकील झाला आणि कॅनडाचा मंत्रीही.

बचाव हा केवळ दुबळ्यांचा आधार मानणाऱ्यांनी २०२४ ची स्पर्धा पाहावी. डेन्व्हर विद्यापीठाचा संघ गोल करण्यात मुळीच मागे नव्हता. तरीही बाद फेरीत मॅसॅच्युसेट्स, कॉर्नेल आणि बोस्टन विद्यापीठ यांच्याविरुद्धचे तिन्ही सामने त्याने २-१ असेच जिंकले. त्यांपैकी दोन जादा वेळेत. अंतिम सामना सेंट पॉल येथे, अव्वल मानांकित बोस्टन कॉलेजशी. डेन्व्हरचे दोन्ही गोल मधल्या सत्रात झाले आणि अखेरची २० मिनिटे राखणीत गेली. गोलरक्षक मॅट डेव्हिसने सामन्यात ३५ फटके अडविले. निकाल २-०. डेन्व्हरचे ते दहावे विजेतेपद. तोवर इतकी विजेतेपदे दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठाला मिळाली नव्हती.