भगिनीमंडळाची नवी शाखा

गेल्या दिवाळीत वहीपूजन आटोपून बसलो असता आमच्या नात्यातील एका मुलीचा अमेरिकेहून फोन आला. कॉलेजात ‘सोरोरिटी’ची शाखा काढावयाची आहे, संमती असावी, असे तिचे म्हणणे. ही काय वस्तू आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते. चौकशी केली, ती सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. कारण आज आमच्या घरी आलेला प्रश्न उद्या आपल्याही घरी येईल.

सोरोरिटी म्हणजे विद्यार्थिनींचे भगिनीमंडळ. नाव बहुधा ग्रीक अक्षरांचे, प्रवेश निवडीने, वर्गणी ठरलेली, दीक्षाविधी गुप्त, आणि नाते कॉलेज सुटल्यावरही कायम. पुरुषांच्या मंडळांत मुलींस थारा नव्हता, म्हणून १८६७ साली इलिनॉय राज्यातील मॉनमथ कॉलेजच्या बारा मुलींनी आपले स्वतंत्र मंडळ स्थापिले. त्यास १८८८ पासून ‘पाय बीटा फाय’ म्हणतात. त्या बारांपैकी लिबी ब्रुक ही मुलगी पुढच्याच वर्षी आयोवा राज्यातील आयोवा वेस्लियन कॉलेजात दाखल झाली आणि १८६८च्या डिसेंबरात तेथे दुसरी शाखा उभी राहिली. भरवशाचा मुनीम नव्या पेठेत पाठवावा, तसाच हा प्रकार! पुढे मॉनमथच्या चालकांनी अशा मंडळांस बंदी केली. मूळ शाखा १८८४ साली मिटली, ती १९२८ साली पुन्हा उघडली. एवढ्या काळात नाव राखले ते इतर शाखांनी. ज्या आयोवा वेस्लियनमध्ये दुसरी शाखा निघाली, ते विद्यापीठ मात्र २०२३ साली कायमचे बंद पडले.

आज शाखा काढणे इतके सोपे नाही. जुन्या मोठ्या मंडळांचा १९०२ पासून एक संघ आहे. त्यातील मंडळास नव्या कॉलेजात यावयाचे तर तेथे आधीपासून असलेल्या मंडळांची समिती प्रथम तशी संमती देते. मग इच्छुक मंडळे आपापली बाजू मांडतात आणि त्यांतून एकाची निवड होते. निवडलेले मंडळ आपल्या अनुभवी तरुण पदवीधर मुलींस तेथे पाठविते. त्या सभासद मिळवितात, हिशेब व सभेचे काम शिकवितात, आणि घडी बसल्यावर सनद मिळते. आमच्या मुलीचे मंडळ या संघातले नव्हे. १९९८ साली टेक्सास व न्यूयॉर्क येथे दक्षिण आशियाई मुलींनी अशी काही मंडळे काढली, त्यांपैकी ते एक. तेथे प्रथम मुलींनीच जमावे, कॉलेजची मान्यता मिळवावी आणि मध्यवर्ती मंडळाकडे अर्ज करावा, अशी रीत आहे.

वर्गणीचा खर्च आम्ही मनावर घेतला नाही. भीती वाटली ती नव्या मुलींच्या छळाची. आपल्याकडे ज्यास रॅगिंग म्हणतात, ते तेथील काही मंडळांत घडले आहे. २०२४च्या डिसेंबरात अमेरिकेत कायदा झाला, त्याअन्वये कॉलेजांस अशा प्रकारांची आकडेवारी प्रसिद्ध करणे भाग आहे. मुलीने ही गोष्ट आपण होऊन सांगितली, त्यामुळे आमचा राग निम्मा ओसरला.

पण खरी अडचण निराळीच आहे. ज्या पेढीचे सर्व भागीदार चार वर्षांत निवृत्त व्हावयाचे, तिला साख कोण देईल? काढणाऱ्या मुली बहुधा वरच्या वर्गातील. उत्साह दांडगा, मुक्काम थोडा. म्हणूनच शाखेस माजी विद्यार्थिनींचा सल्ला लागतो, खतावणी दुसऱ्याच्या हाती सोपविता येईल अशी लिहावी लागते, आणि दर वर्षी खालच्या वर्गातील मुली घ्याव्या लागतात. आमच्या बाजारात किती अडत दुकाने मालकामागे मुनीम तयार नव्हता म्हणूनच उठली, हे जुन्या सभासदांस सांगावयास नको.

आम्ही तिला एवढेच विचारले, “तू गेल्यावर गादीवर कोण?” आठ दिवसांनी तिने सात नावे कळविली. त्यांतील तिघी पहिल्या वर्षाच्या आहेत. आम्ही संमती कळविली.